पाहुण्यांचा परिचय

विपुलशेठचा फोन आला तेव्हा माझा क्लास चालू होता. समोर बारा नर्सेस. सगळ्यांना जर्मनीत नोकरी हवी आणि एकीलाही ‘पेशंटला रात्रभर झोप लागली नाही’ एवढं साधं वाक्य जर्मनमध्ये धड म्हणता येत नव्हतं. मी आधीच वैतागलेली होते.

“मॅडम, रविवारी अकराला मंडळातर्फे डॉक्टर दीपिका यांचा सत्कार ठेवलाय,” विपुलशेठ म्हणाले. “आपल्या मासवणच्या हो, त्या जर्मनच्या प्रोफेसर. पुस्तक छापलंय ना त्यांचं जर्मनीत. तुम्ही दोघी एकत्र शिकलात म्हणे? मग पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्यायचा.”

विपुलशेठचं पालघर स्टेशनजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वाचक मंडळाचे ते सचिवही आहेत. मंडळाचा कार्यक्रम म्हणजे दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, भाषण आणि चहा. त्यातला परिचय करून देणारा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. पण त्याला पाच मिनिटं माइक मिळतो.

“देते की,” मी म्हटलं. एवढ्या पटकन मी नवऱ्यालाही कधी हो म्हटलेलं नाही.

फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोर आली ती घरच्या ट्रंकेतली निळ्या पुठ्ठ्याची वही.

सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही मला उगाच कजाग समजाल. समजायचं तर सगळं ऐकून मग समजा.

माझे वडील खंडेराव साताऱ्याकडून बोईसरला आले आणि तारापूरच्या एका कंपनीत फिटर म्हणून चिकटले. आम्ही सरावलीला राहायचो. कंपनीत मशीन जर्मन होतं आणि त्याच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं कुणाला वाचता येत नव्हती. वडिलांनी ठरवून टाकलं की पोरीनं जर्मन शिकायचं. बोईसरला ललित सर म्हणून होते, सहा वर्षं जर्मनीत राहून आलेले. ते संध्याकाळी कामगारांना शिकवायचे, आणि मुलींकडून फी घ्यायचे नाहीत. मी अकरावीत असताना तिथे जायला लागले. महिनाभरानं पालघरच्या वसतिगृहातून एक काळीसावळी, सडपातळ मुलगी आली आणि माझ्याच बाकावर बसली. तीच दीपिका. मासवणच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. पावसावरची भातशेती, आणि पीक निघालं की घरातले निम्मे लोक कामाला बाहेर.

पहिल्या परीक्षेत मला ब्याऐंशी मार्क मिळाले, तिला एक्क्याऐंशी. तो एक मार्क मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर मी तिच्या पुढे कधीच नव्हते.

बी.ए. मुंबईला, एम.ए. मुंबईला, दोघी बरोबर. शनिवार-रविवार ती आमच्याकडे अभ्यासाला यायची. कॉलेजच्या ग्रंथालयातून मोठा शब्दकोश दोघींत मिळून एकच मिळायचा, त्यामुळे आमची एक पद्धत पडली होती. ती मांडीवर शब्दकोश घेऊन शब्द काढायची, मी लिहायचे. बोलायचो दोघी, वाद घालायचो दोघी, लिहायचे मात्र मीच. माझं अक्षर सुंदर होतं, अजूनही आहे. शाळेत फळ्यावरचे सुविचार मीच लिहायचे. दीपिकाचं अक्षर म्हणजे भातात कोंबड्या फिरून गेल्यासारखं. त्यामुळे वह्या सगळ्या माझ्या अक्षरात, माझ्याच घरी.

मग तिचं सुरू झालं. नेट पहिल्या झटक्यात, वर फेलोशिप. मी नापास, दोनदा. तिची पीएच.डी., मध्येच दोन वर्षं जर्मनीला. मीही नाव नोंदवलं होतं पीएच.डी.ला, पण माझं लग्न झालं. ज्ञानेश चांगला माणूस आहे, कंपनीच्या लॅबमध्ये आहे, त्यानं मला कधी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान दोष द्यायला कुणीतरी असतं. स्वरा झाली, मुदतवाढ संपली, विषय संपला. मी बॉयलरच्या आणि पंपांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करायला लागले आणि हा क्लास काढला. तिकडे ती आधी कंत्राटी, मग पुण्याला विद्यापीठात कायम. प्रत्येक बातमी मला कुणी ना कुणी आनंदानं कळवायचं. मी ‘अरे वा’ म्हणायचे आणि त्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडायचं.

इथपर्यंत सहन केलं. नशीब म्हणून सोडून दिलं. पण गेल्या वर्षी तिचं पुस्तक आलं.

दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन खेड्यांतल्या कथांवरचं पुस्तक आहे. आम्हाला एम.ए.ला त्या होत्या. त्यांत एक प्रसंग वरचेवर येतो. जंगलाचा अधिकारी गावात येतो, झाड कुणी तोडलं म्हणून विचारतो आणि गावकरी गप्प बसतात. तिकडचे पंडित म्हणत आले की ही माणसं भोळी, भित्री किंवा मंद. दीपिकानं म्हटलं की नाही, हे गप्प बसणं हेच त्यांचं उत्तर आहे. मी ते पुस्तक मागवलं, उघडलं आणि पहिल्याच प्रकरणात मला ते वाक्य दिसलं.

‘ही माणसं घाबरून गप्प बसत नाहीत. बोललेलं लिहिलं जातं आणि लिहिलेलं लिहिणाऱ्याचं होतं, हे त्यांना माहीत असतं.’

मी पुस्तक तिथेच मिटलं. खुर्चीवर चढून कपाटावरची ट्रंक काढली, निळी वही काढली, आणि पान सापडलं. तारीख होती, रविवार होता. माझ्या सुंदर अक्षरात, आधी जर्मनमध्ये आणि खाली मराठीत, तेच वाक्य होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात चार शब्द: कोंबडा, दोन दिवस, निळी शाई, अंगठा. त्या दिवशी वाचत होतो त्या कथेची सुरुवात कोंबड्याच्या आरवण्यानं होते, तेव्हा ही मी काढलेली कथेतली उदाहरणं असणार.

म्हणजे वाक्य माझं होतं. तिनं उचललं होतं आणि त्याच्यावर प्रोफेसर झाली होती. पुस्तकात माझं नाव कुठेही नाही. मागची आभाराची दोन पानं मी बोट ठेवून ठेवून वाचली. पाड्यावरच्या माणसांची नावं आहेत, वसतिगृहाच्या बाईंचं आहे, ललित सरांचं आहे. मंजुळा नाही.

खरं सांगते, मला रडू आलं नाही. मला आनंद झाला. इतकी वर्षं नुसतंच जळत होते, आता जळायला कारण मिळालं होतं. मीही कुणीतरी होते, आणि त्याचा पुरावा माझ्या ट्रंकेत होता. तो चारचौघांत कसा दाखवायचा तेवढं कळत नव्हतं, आणि विपुलशेठनं आपण होऊन माझ्या हातात माइक दिला.

रविवारी मी पैठणी नेसले. ज्ञानेश म्हणाला, “सत्कार तिचा आहे ना?” मी पर्स खांद्याला लावली. पर्समध्ये वही होती.

हॉल पालघरलाच, विपुलशेठच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दहा वाजताच मी पोचले. बाजूच्या खोलीत दीपिका एकटी बसली होती, साधी सुती साडी, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. मला पाहून ती उठली आणि मिठी मारायला पुढे आली. मी मिठीच्या जागी वही पुढे केली.

“ओळखतेस?”

तिनं वही उघडली नाही. कव्हरवर माझं नाव होतं, एम.ए. भाग दोन, खाली वळणदार रेघ.

“तुझं अक्षर,” ती म्हणाली.

मी ते पान काढून तिच्यापुढे धरलं. “आणि हे वाक्य कुणाचं?”

दीपिका गप्प. पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला पाहून मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःशीच चपापले.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “सभेतच वाचून दाखवते.”

बाहेर गॅलरीत येऊन मी मनातल्या मनात भाषण म्हणायला लागले. सुरुवात गोड, मग वही, मग तारीख, मग वाक्य, आणि शेवटी नुसतं ‘धन्यवाद’. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कुणीतरी हाक मारली.

“ए पोरी, तू सरावलीची ना?”

दीपिकाचे वडील होते, जिवल्याबाबा. नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच दिसणारा. वीस वर्षांत मी त्यांना दोनदाच पाहिलं असेल, पण त्यांनी मला ओळखलं.

“तुझ्या घरी आमची दीपी अभ्यासाला यायची. तुझी आय तिला भाकर द्यायची. बरी हाय का आय?”

“बरी आहे,” मी म्हटलं. वाकून नमस्कार केला, करावाच लागला.

“बस ना. मना सांग, तिच्या बुकात काय हाय? मना वाचता येत नाय. पोरं बोलतात, बाबा तुजं नाव हाय त्यात.”

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी त्यांना सोपं करून सांगितलं. दूरच्या देशातली खेडी, जंगलाचा साहेब, साहेब विचारतो आणि लोक गप्प बसतात, त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, असं सगळं. हा शोध मुळात कुणाचा तेही सांगावं की काय, असं मनात येऊन गेलं.

म्हातारा हसायला लागला. “ते व्हय! ते त मीच सांगितलंय तिला.”

“काय सांगितलंय?”

“अगं, दीपी बारकी होती तवाची गोष्ट. जंगलाचा गारड आला पाड्यावर. लाकूड कुनी तोडलं, इचारलं. आमी सगळं गप. मीच येडा, बोललो, साहेब, तोडलं नाय, पडलेलं उचललं. त्यानं कागदावर लिहिलं. काय लिहिलं त्याचं त्याला ठाव. बोलला, अंगठा लाव. निळी शाई व्हती, आठ दिस गेली नाय बोटाची.” त्यांनी अंगठा वर करून दाखवला. “मग त्याच कागदावर मना दोन दिवस चौकीत बशिवला. तू बोलला तेच लिवलंय, बोलला. आनी जाताना कोंबडा नेला तो येगळाच. तवापासून पोरांना सांगून ठेवलंय, साहेब इचारील तवा गप रव्हायचं. बोललं का त्याच्या कागदावर जातं. मंग ते आपलं रहात नाय.”

मी वही उघडली. कोंबडा. दोन दिवस. निळी शाई. अंगठा.

त्या जर्मन कथेत माणसं सहीच्या जागी फुली मारतात. अंगठा कुणीच लावत नाही. निळ्या शाईचा पॅडही नाही. ती कथा मी तीनदा वाचली होती, परीक्षेत तिच्यावर उत्तर लिहिलं होतं, आणि गेलं वर्षभर हे चार शब्द रोज काढून पाहत होते. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की माझ्या बापाला, तारापूरच्या फिटरला, कुणी अंगठा लावायला लावला नव्हता.

आता आठवलं. आमच्या पुढच्या खोलीत ती फरशीवर बसली होती, मांडीवर शब्दकोश उघडा, आणि हे सगळं सांगता सांगता ती एकदम थांबली आणि सावकाश ते वाक्य म्हणाली. मी म्हटलं, “थांब थांब, हे लिहून घेऊ दे.” आणि लिहून घेतलं. तिचं नाव घातलं नाही. नाव कशाला घालायचं, दोघीच तर होतो खोलीत.

“मॅडम, चला, सुरू करतोय!” विपुलशेठनं आतून हाक मारली.

दीपप्रज्वलन झालं, माझं नाव पुकारलं गेलं. मी माइकपाशी गेले तेव्हा वही हातातच होती, ती ठेवायला जागाही नव्हती. समोर साठ-सत्तर माणसं, पहिल्या रांगेत जिवल्याबाबा. व्यासपीठावर दीपिका, नजर खाली.

एक सांगून टाकते. तेव्हाही मला मोह झाला होता. म्हाताऱ्याचं कोण ऐकणार होतं? अक्षर माझं, तारीख माझी, वहीवर नाव माझं. लोकांनी माझ्यावरच विश्वास ठेवला असता. ती गप्प बसली असती, हे तर मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. मी वही उघडली, वाक्य वाचायला सुरुवात केली, ‘लिहिलेलं लिहिणाऱ्याचं होतं’ इथपर्यंत आले आणि थांबले. पुढे वाचवेना.

वही मिटून मी म्हटलं, “हे वाक्य डॉक्टर दीपिका यांनी एम.ए.ला असताना आमच्या घरी बसून सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं. त्यांचं पुस्तक आलंय ते या वाक्याचं आहे. एवढाच माझा आणि त्यांचा परिचय. धन्यवाद.”

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, हो. विपुलशेठ तर माइक घेऊन म्हणाले, “याला म्हणतात मोठं मन! मैत्रिणीचं यश असं जपून ठेवणारी माणसं आज कुठे मिळतात?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दीपिकानं मात्र मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझं मन केवढं मोठं आहे ते त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तिच्या भाषणात ती वहीबद्दल अवाक्षर बोलली नाही.

चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेतलं. “मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस? सांगायचंस ना, माझं आहे म्हणून.”

“काय सांगणार?” ती म्हणाली. “तुझ्या वहीत होतं, तुझ्या अक्षरात. माझ्याकडे काय होतं? पीएच.डी.च्या वेळी मी ते वाक्य घातलंच नाही, मंजू. वाटायचं, तू वही घेऊन येशील. तीन वर्षं त्याच्या भोवतीच फिरत राहिले. गाइड म्हणाले, काम चांगलं आहे पण मधलं काहीतरी राहिलंय. पहिल्या इंटरव्ह्यूलाही तेच म्हणाले. ती जागा गेली.”

“मग पुस्तकात कसं घातलंस?”

“बाबाला परत विचारलं. पाड्यावर जाऊन बसले, त्याच्याकडनं पहिल्यापासून ऐकलं आणि माझ्या हातानं लिहून काढलं. मग धीर आला. तरी आज सकाळी तुझ्या हातात वही दिसली आणि माझी बोबडी वळली. तुझं नाव लिहिलं नाही, ते पण त्याच भीतीनं. नाव लिहिलं तर तू वाचशील, वाचलंस तर वही काढशील. चुकलं माझं.”

इतकी वर्षं मी हिच्यावर जळत होते आणि ही मला घाबरत होती. मला आधी काय वाटलं ते सांगितलं तर तुम्हाला माझी किळस येईल, पण सांगते. मला बरं वाटलं. तिची एक जागा माझ्या ट्रंकेतल्या वहीमुळे गेली होती, म्हणजे तिच्या एवढ्या मोठ्या करिअरमध्ये कुठेतरी मी होते. लाज वाटली ती नंतर. पण वाटली, चांगलीच वाटली.

“वही देशील?” तिनं विचारलं. “बाबाची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती त्यात आहे.”

“झेरॉक्स देते,” मी ताबडतोब म्हटलं.

ती हसली. विसाव्या वर्षी हसायची तशीच, तोंडावर हात ठेवून. “अजून तशीच हाईस तू,” म्हणाली.

खाली जाऊन मी विपुलशेठना दुकान उघडायला लावलं. त्यांनी शटर अर्धं वर केलं, आत वाकून मशीन चालू केलं आणि वही काचेवर पालथी घातली. कागद गरम गरम बाहेर आला. मी तो उजेडात धरून पाहिला. एकही काना-मात्रा पुसट नव्हती.

“झकास आलीय मॅडम. अक्षरच एवढं सुंदर,” विपुलशेठ म्हणाले. “पाहुण्यांना देऊ ना ही?”

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. वही घेऊन वर गेले. दीपिका बापाच्या खुर्चीशेजारी उभी होती. मी म्हाताऱ्याच्या मांडीवर वही ठेवली आणि ते पान उघडून दिलं.

“यात काय लिवलंय?” त्यांनी विचारलं.

“तुमचंच आहे, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी त्या पानावरून अंगठा फिरवला, मग वही मिटून लेकीच्या सत्काराच्या शालीखाली ठेवली. मी जिना उतरले. घरी येईपर्यंत मी तो कागद दोनदा काढून पाहिला. अक्षर खरंच सुंदर आहे माझं.